तिच्या पीएचडीची मधली वर्षं

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि तेव्हापासून नोकरी करतोय. त्यामुळे आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, कलांमध्ये संशोधन करणाऱ्या मुलींबद्दल हा माणूस काय सांगणार? प्रश्न बरोबर आहे. चित्र कसं पाहावं, राग कसा ओळखावा हे मी सांगणार नाही. पण एखादं काम पाच-सहा वर्षं चालू ठेवायचं असेल तर त्याला कशाकशाचा आधार लागतो आणि तो कुठे निसटतो, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्याबद्दल बोलतो.

आपल्याकडे तालीम म्हटलं की तीन गोष्टी येतात. डॉक्टर, इंजिनिअर आणि आता स्पर्धा परीक्षा. दहावी-बारावीला चांगले गुण मिळाले की मोहल्ल्यात सत्कार होतो, शाल मिळते, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. चांगली गोष्ट आहे, होऊ द्या. पण आज मला अशा मुलीबद्दल बोलायचंय जिचा सत्कार कुणी करत नाही. तिचं वय सत्तावीस ते पस्तीसच्या मधलं. तिने संगीतात, नाट्यशास्त्रात, चित्रकलेत किंवा सिनेमाच्या अभ्यासात एमए किंवा एमएफए केलंय. आता पीएचडीला नाव नोंदवून तीन-चार वर्षं झालीत. नातेवाईक भेटले की विचारतात, “अजून शिकतेच आहेस?” आणि ती हसून विषय बदलते.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ही मुलगी बुद्धी कमी पडल्यामुळे किंवा हौस संपल्यामुळे संशोधन सोडत नाही. मधल्या वर्षांत छोट्या छोट्या गोष्टी तुटतात म्हणून ती सोडते. आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी आपण, या सभागृहात बसलेली माणसं, सांधू शकतो.

हे संशोधन म्हणजे नेमकं काय?

कलेतलं संशोधन म्हणजे घरी बसून चित्रं काढणं, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात हे काम फार कष्टाचं असतं. एखादी मुलगी लग्नाच्या गाण्यांवर काम करत असेल तर तिला गावोगाव फिरावं लागतं, म्हाताऱ्या बायकांचा विश्वास मिळवावा लागतो, ध्वनिमुद्रण करावं लागतं, एकेक ओळ लिहून काढावी लागते. तमाशावर काम करणारीला रात्री फडावर जावं लागतं, कारण तमाशा बहुतेक रात्री होतो. छापचित्रांवर काम करणारीला प्रेस लागतो, आम्ल लागतं, महागडा कागद लागतो. सिनेमाच्या इतिहासावर काम करणारीला जुन्या मासिकांच्या फायली शोधत एका शहरातून दुसऱ्या शहरात जावं लागतं.

आणि आपल्यासाठी हे काम का महत्त्वाचं आहे? दोन उदाहरणं देतो.

१९२६ साली मुंबईत फातमा बेगम या बाईंनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी स्वतःची चित्रपट कंपनी काढली. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी. शंभर वर्षांपूर्वी एका मुस्लिम बाईने हे केलं. आज त्या चित्रपटाची एकही प्रत असल्याचं माहीत नाही. जे काही कळतं ते जुन्या जाहिराती, बातम्या आणि आठवणी यांतून. असे तुकडे जमवून माणूस उभं करणं याला संशोधन म्हणतात. ते कुणी केलं नाही तर प्रश्नमंजूषेतलं एक उत्तर एवढंच फातमा बेगमचं नाव उरतं.

दुसरं उदाहरण दख्खनचं. विजापूरच्या सूफी परंपरेतून दख्खनी भाषेत ‘चक्कीनामा’ नावाचा गीतप्रकार आला. बायका जात्यावर दळताना ही गीतं म्हणायच्या. चरखा चालवताना म्हणायचे ते चरखानामे. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. म्हणजे पाहा, एकीकडे मराठी बाई जात्यावर ओवी म्हणते, दुसरीकडे दख्खनी बोलणारी बाई जात्यावर चक्कीनामा म्हणते. जातं तेच, पीठ तेच. आपल्या आजी-पणजींच्या आयुष्याबद्दल यापेक्षा सच्चा कागद कुठे मिळणार?

मराठी ओव्यांचं नशीब चांगलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी वर्षानुवर्षं गावोगावच्या बायकांकडून त्या गोळा केल्या. हा साठा एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. आता माझ्या धंद्याचा मुद्दा. या कामात पुढे बर्नार्ड बेल नावाचे संगणकतज्ज्ञ आले. त्यांनी या ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण केलं. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर तुम्ही त्या ओव्या ऐकू शकता, वाचू शकता. गाणाऱ्या बायका, गोळा करणारे संशोधक आणि साठा नीट लावणारा तंत्रज्ञ, असे तिघे एकत्र आले म्हणून हे टिकलं. संशोधक एकटी असती तर वह्यांचे गठ्ठे एखाद्या कपाटात पडून राहिले असते.

आपल्याकडे अशी किती कामं वाट पाहताहेत. मिरजेच्या सितार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो बनवणाऱ्या घराण्यांमधल्या बायकांच्या आठवणी कुणी लिहिल्यात? औरंगाबादचं हिमरू, सोलापूर-मराठवाड्यातली दख्खनी लग्नगीतं, कोकणी मुस्लिम घरांतली गाणी, मराठी शाहिरीतले आपले शाहीर. यातल्या बऱ्याच गोष्टी बायकांच्या बैठकीत घडतात. तिथे पुरुष संशोधकाला दार उघडत नाही, आपल्या मुलीला उघडतं. तिने काम सोडलं तर तिच्या जागी दुसरं कुणी जाईलच असं नाही.

गळती कुठे होते?

आता आकडे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षण घेणारे सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यात मुस्लिम सुमारे २१ लाख. लोकसंख्येत आपण २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४ टक्क्यांच्या आसपास, आणि कॉलेजात शंभरात पाच. पण त्याच आकड्यांत एक चांगली बातमीही आहे. या २१ लाखांत जवळपास निम्म्या मुली आहेत. म्हणजे मुली कॉलेजच्या दारापर्यंत पोचल्यात. आता प्रश्न त्यांना आत किती लांब जाता येतं हा आहे.

पीएचडीला पैसे लागतात. २००९ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती होती. आपल्या अनेक मुलामुलींनी तिच्या जोरावर संशोधन केलं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की ही योजना २०२२-२३ पासून बंद करत आहोत, कारण तिचं इतर योजनांशी दुहेरीकरण होतं. या निर्णयाविरुद्ध बोललं पाहिजे, निवेदनं दिली पाहिजेत. पण जी मुलगी आज दुसऱ्या वर्षात आहे तिची फी निर्णय बदलेपर्यंत थांबत नाही.

उरला मुख्य मार्ग तो नेट-जेआरएफचा. ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. चांगली रक्कम आहे. पण ती मोजक्यांनाच मिळते. बाकीच्या मुली शिकवण्या घेतात, तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतात. आणि जेआरएफवाल्यांचंही पाहा. मानव्यविद्या आणि कला शाखेला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यात पुस्तकं, झेरॉक्स, प्रवास सगळं आलं. गावोगाव फिरून ध्वनिमुद्रण करणाऱ्या किंवा छापचित्रं करणाऱ्या मुलीला दहा हजार किती दिवस पुरतील, हिशेब करा.

दुसरी गोष्ट वेळ. लग्न झालेली असेल तर सकाळ स्वयंपाकात, दुपार शिकवण्यात, संध्याकाळ मुलांत. लग्न न झालेली असेल तर घरातल्या प्रत्येक आजारपणाला, प्रत्येक दावतीला तीच मोकळी. कारण “ती काय, घरीच असते.” लिहिण्याचं काम बाहेरून दिसत नाही. खिडकीशी बसून विचार करणारी बाई रिकामी बसलेली दिसते.

तिसरी गोष्ट साठा. माझी मावसबहीण दख्खनी लग्नगीतांवर काम करते. तिने एका गावात सहा बायकांची गाणी फोनवर मुद्रित केली होती. फोन पाण्यात पडला. आम्ही दोन दुकानांत फिरलो, मी स्वतः प्रयत्न केले, काही निघालं नाही. ती पुन्हा त्या गावात गेली तेव्हा सहापैकी दोघी अल्लाला प्यारी झाल्या होत्या. त्या दोघींना येणारी गाणी इतर चौघींना पूर्ण येत नव्हती. बहिणीने चौघींकडून जेवढं मिळालं तेवढं घेतलं आणि पुढे गेली. प्रबंधात त्या गावाचं प्रकरण आता निम्मं आहे. माझ्या कंपनीत कुठलीही महत्त्वाची फाइल एकाच ठिकाणी ठेवणं हा गुन्हा मानतात. आणि इथे एका अख्ख्या गावाची गाणी एका फोनवर होती. कारण दुसरी हार्ड डिस्क घ्यायला तीन-चार हजार लागतात आणि ते त्या महिन्यात नव्हते.

आपल्यात हे चालतं का?

चौथी अडचण घरातली. “गाणं-बजावणं, चित्रं, नाटक, हे आपल्यात चालत नाही.” मी आलिम नाही, त्यामुळे मसल्यात शिरत नाही. पण इतिहास सांगू शकतो. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह दख्खनीत गीतं रचत होता, त्याची ‘किताब-ए-नौरस’ प्रसिद्ध आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला घर केलं आणि त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी स्त्रियांच्या जाहीर मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. मागच्या पिढ्यांना जे चाललं ते आपल्याला चालत नाही असं म्हणायचं असेल तर निदान ते माहीत करून घेऊन म्हणावं. आणि ते माहीत करून देण्याचं काम हीच संशोधक मुलगी करते.

खरं तर थोडं खोदून विचारलं की कळतं, घरच्यांची हरकत बहुतेक वेळा कलेला नसतेच. उशिरा घरी येण्याला, एकटीने परगावी राहण्याला, पुरुष गाइडला, आणि “याने नोकरी कुठे मिळणार” याला असते. या हरकती खऱ्या आहेत. त्यांची उत्तरं देता येतात, पण ती द्यायला कुणीतरी अम्मी-अब्बांसमोर बसावं लागतं. नोकरीचंच पाहा. दृश्यकला, संगीत, नृत्य-नाट्य या विषयांत नेट परीक्षा होते, विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत या विषयांची पदं असतात. शाळा, संग्रहालयं, अभिलेखागारं, चित्रपट आणि डिझाइनच्या संस्था इथेही काम मिळतं. वाट अरुंद आहे, पण आहे.

इथे दोन बायकांची नावं घेतो. झरीना हाश्मी. जन्म १९३७, अलिगढ. १९५८ मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठातून गणितात पदवी. होय, गणितात. लग्नानंतर नवऱ्याच्या परराष्ट्र सेवेतल्या नोकरीमुळे देशोदेशी राहणं झालं. बँकॉकमध्ये असताना त्या लाकडी ठशांची छपाई शिकल्या, नंतर पॅरिसमध्ये हेटर यांच्या स्टुडिओत शिकल्या. घर, सरहद्द, नकाशा आणि उर्दू शब्द यांवरची त्यांची छापचित्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ए. आय. आर. या स्त्री कलाकारांनी चालवलेल्या गॅलरीत त्यांनी इतर दोघींबरोबर एक प्रदर्शन मांडलं. ते होतं अमेरिकेत राहणाऱ्या तिसऱ्या जगातल्या स्त्री कलाकारांचं. स्वतःचं काम करता करता इतर बायकांच्या कामाला भिंत मिळवून देणं, हे त्यांनी केलं.

दुसऱ्या नसरीन मोहमदी. त्यांचाही जन्म १९३७ चा, कराचीचा. १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शिकवायच्या. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. बारीक सरळ रेषांची त्यांची चित्रं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत नसरीन यांचं मोठं प्रदर्शन होतं. त्या चित्रांना बहुधा नाव देत नसत, तारीख टाकत नसत. त्यांच्या डायऱ्या मागे राहिल्या, जवळच्यांनी जपल्या, पुढे छापल्या गेल्या. आज त्यांच्यावर काम करणाऱ्यांना त्या डायऱ्यांचा केवढा आधार आहे. जपणारी माणसं भोवती असणं किती मोलाचं, हे यावरून कळतं.

नियमांनी काय दिलंय?

आता एक गोष्ट, जी बहुतेक मुलींना कुणी सांगतच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएचडीचे नियम आहेत. त्यातल्या चार तरतुदी लिहून घ्या.

एक, पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण दहापर्यंत.

दोन, पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. बाळ झालं म्हणजे पीएचडी संपली, असं नाही.

तीन, लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने मुलीला दुसऱ्या गावी जावं लागलं तर काही अटींवर तिचं संशोधन तिथल्या विद्यापीठात नेता येतं. निकाहनंतर मालेगावहून मुंबईला गेली म्हणून शून्यापासून सुरू करायला नको.

चार, अर्धवेळ पीएचडी करता येते. नोकरी असेल तर मालकाकडून ना-हरकत पत्र लागतं.

यासोबत आणखी एक. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आयोगाचे २०१५ चे वेगळे नियम आहेत. प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. कलेच्या शिक्षणात हे जास्त लक्षात ठेवावं लागतं, कारण तिथे शिकवणं एकास एक असतं. तालीम उशिरापर्यंत चालते, आणि गुरूबद्दल बोलणं पाप मानलं जातं. एखाद्या मुलीने सांगितलं तर पहिलं वाक्य “तू तिथे गेलीस कशाला” हे असू नये. तिच्याबरोबर बसून तारखा, निरोप, साक्षीदार यांची नोंद करा आणि पुढे जायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

पैशांचे इतर रस्तेही आहेत. आपल्या अनेक बिरादऱ्या, मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा, महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र असेल तर ‘महाज्योती’ची संशोधन अधिछात्रवृत्ती आणि केंद्राची ओबीसींसाठीची फेलोशिप यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय २५ ते ४० वयोगटातल्यांना दोन वर्षं दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ फेलोशिप देतं. बंगळुरूची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही संस्था कलासंशोधनाच्या प्रकल्पांना अनुदान देते. प्रत्येकाचे नियम वेगळे. एक घेतली की दुसरी चालते का, हे अर्ज करण्याआधी वाचून घ्यायचं. दाखले काढायला महिने जातात, म्हणून जाहिरात येण्याआधी ते तयार हवेत. हे काम मोहल्ल्यातला कुठलाही तरुण करू शकतो. त्याला कलेतलं काही कळायची गरज नाही.

आपण काय करायचं?

आता मी तुमच्याकडे काय मागायला आलोय ते सांगतो. पाच गोष्टी आहेत.

पहिली, छोटा निधी. लाखांची शिष्यवृत्ती उभारू नका, ती दोन वर्षांत बंद पडते. दहा जणांनी दरमहा पाचशे रुपये काढले तर वर्षाला साठ हजार होतात. त्यातून हार्ड डिस्क, एक ध्वनिमुद्रक, दोन गावांचा प्रवास, फीचा एक हप्ता एवढं होतं. शिष्यवृत्तीचे पैसे चार-सहा महिने उशिरा आले तर तेवढ्यापुरती उसनवारी होते. आणि हे पैसे देताना फोटो काढायचा नाही. सत्कार करायचा असेल तर प्रबंध पूर्ण झाल्यावर करा.

दुसरी, जागा. आपल्या संघटनांच्या खोल्या, शाळांचे वर्ग, ग्रंथालयं दुपारी रिकामी असतात. एक टेबल, खुर्ची, पंखा, वायफाय, स्वच्छ बाथरूम आणि आतून लावता येईल अशी कडी. आठवड्यातून तीन दुपारी. ज्या घरात पाच माणसं दोन खोल्यांत राहतात तिथल्या मुलीला याची किंमत विचारा.

तिसरी, आमच्या धंद्यातली मदत. इथे हात वर करा म्हटलं तर निम्मे जण आयटीत किंवा मोबाइल दुरुस्तीत, झेरॉक्सच्या दुकानात, फोटोग्राफीत असतील. आमच्यात एक साधा नियम आहे. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. एवढं लावून द्या. प्रत्येक ध्वनिफितीच्या नावात तारीख, गाव, गाणारीचं नाव येऊ द्या. तिने आपलं नाव नको म्हटलं असेल तर खूण. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्यायचा एक सोपा मराठी-उर्दू कागद बनवून द्या. जुन्या वह्या, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती स्कॅन करून द्या. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. तिथे तिच्या विषयाच्या जवळपासचे प्रबंध कसे शोधायचे ते दाखवा. एक मात्र लक्षात ठेवा, साठा तिचा आहे. मदत केली म्हणून तो आपल्या चॅनलवर टाकायचा हक आपल्याला मिळत नाही.

चौथी, सोबत. भावांनो, हे तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. तिला परगावी जायचं असेल आणि सोबत हवी असेल तर जा. पण तिथे गेल्यावर गप्प बसा. मुलाखत तिला घेऊ द्या. तुम्ही प्रश्न विचारायला लागलात की समोरच्या बाया तुमच्याकडे पाहून उत्तरं देतील आणि तिचं काम बिघडेल. आणि तिला सोबत नको असेल तर बस कुठे थांबते, उतरायचं कुणाकडे, एवढी माहिती काढून द्या. घरी असाल तर तिच्या लिहिण्याच्या वेळेत चहा स्वतः करा. मी हे फार मोठं क्रांतिकारक काम म्हणून सांगत नाही. दिवसाचा एक तास वाचला तर वर्षाचे साडेतीनशे तास होतात. एका प्रकरणाचा कच्चा खर्डा तेवढ्यात होतो.

पाचवी, ऐकणारी माणसं. संशोधनाच्या मधल्या वर्षांत सगळ्यात जास्त खचवणारी गोष्ट ही की आपल्या कामाबद्दल बोलायला कुणी नसतं. गाइड कामात, घरच्यांना रस नाही, मैत्रिणी लग्न करून गेल्या. महिन्यातून एकदा चार-पाच संशोधक मुलींना एकत्र बसवा. विषय वेगळे असले तरी चालतील. प्रत्येकीने महिन्याभरात लिहिलेली चार पानं वाचायची. बाकीच्यांनी विचारायचं, “हे नीट कळलं नाही, पुन्हा सांग.” जिल्ह्यात अशा मुली नसतील तर व्हिडिओ कॉलवर घ्या. आणि आपल्या कार्यक्रमांत त्यांना व्याख्यानाला बोलवा, प्रवासखर्च आणि मानधन देऊन. आपण वक्त्यांना मानधन देतो आणि संशोधक मुलीला “अनुभव मिळेल” म्हणतो, हे बंद करूया.

दोन हरकती

यावर दोन गोष्टी नेहमी विचारल्या जातात. पहिली, “मुलंही पीएचडी सोडतात, मग मुलींसाठीच का?” मुलांना मदत करू नका असं कुणी म्हणत नाही. पण पीएचडी करणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही की आज स्वयंपाक कोण करणार, किंवा रात्रीच्या कार्यक्रमाला जायची परवानगी आहे का. अडचण वेगळी आहे म्हणून मदतही वेगळी.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. “आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, वस्त्यांत पाणी नाही, आणि तुम्ही गाण्यांवरच्या प्रबंधाचं बोलता?” मला ही हरकत समजते. पाण्यासाठी लढलंच पाहिजे. पण एक विचार करा. आपण या मातीतले नाही, असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा आपण काय दाखवतो? घोषणा देतो, चिडतो. आपल्या आजीने दख्खनीत आणि मराठीत म्हटलेली गाणी, आपल्या कारागिराने घडवलेला तंबोरा, आपल्या बाईने शंभर वर्षांपूर्वी काढलेला चित्रपट, यांचा तारीख-वार, पुराव्यासकट लिहिलेला प्रबंध हे त्याचं जास्त टिकाऊ उत्तर आहे. ते उत्तर लिहिणारी मुलगी आत्ता कुठेतरी फीच्या हप्त्याची काळजी करत बसली आहे.

म्हणून शिबिर संपल्यावर एकच काम करा. आपल्या तालुक्यात कलाशाखेत, संगीतात, नाटकात, चित्रकलेत, सिनेमाच्या अभ्यासात संशोधन करणारी किंवा एमए करून थांबलेली एक मुलगी शोधा. मोठ्या असतील तर आपा म्हणून भेटा, लहान असेल तर नावाने. त्यांना तीन प्रश्न विचारा. काम कुठवर आलंय? कशामुळे अडलंय? तुमच्या साठ्याची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तरं वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण तिथून सुरू करू.